तळाशी जड माल, तरी जहाज कलंडतं

काही जण म्हणतात की जड माल तळाशी ठेवला की जहाज स्थिर, विषय संपला. इतकं सोपं नाही हो. वजन फारच खाली गेलं की जहाज 'ताठ' होतं, झटक्याने डुलतं आणि लॅशिंग, म्हणजे माल बांधलेले दोर-साखळ्या, तुटायची वेळ येते. म्हणून लोहखनिज कधी कधी एक सोडून एक होल्डमध्ये (जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यात) भरतात. ढीग उंच होतो, गुरुत्वमध्य वर सरकतो.

पण खरी भीती ओल्या भुकटीची. बारीक लोहखनिज भरताना कोरडं दिसतं. मग इंजिनाची थरथर आणि लाटांचे हेलकावे बसले की कण दाबले जातात, मधलं पाणी सुटतं आणि होल्डमध्ये चक्क चिखल होतो. तो एका बाजूला वाहतो, जहाज परत डुललं तरी पूर्ण मागे येत नाही. कल वाढतच जातो. 2009 च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' आणि पारादीपजवळ 'ब्लॅक रोझ' बुडाली. दोन्हींत हाच माल होता.

जहाजावर एक साधी चाचणी करतात. डबा अर्धा भरायचा आणि टणक जागी 25 वेळा आपटायचा. वर पाणी किंवा चिखल दिसला, तर माल भरण्याआधी पुन्हा प्रयोगशाळेत. मात्र डबा कोरडा राहिला म्हणजे माल सुरक्षित, असं नाही. गोव्यात उघड्या बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू नौकांतून) खनिज मुरगाव बंदरात येतं, तेव्हा अवकाळी सरीचीही धास्ती असते ती याचसाठी.