'घाशीराम कोतवाल' (१९७६): इतिहास नाही, तर नानांचं नाव कशाला?

कसबापेठी: नाटक नव्हे, सिनेमा पाहिला. युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हचा. पटकथा तेंडुलकरांचीच, दिग्दर्शक मात्र चार: मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप. चार आचारी, आमटी आळणी! नाटकात निदान चंदावरकरांच्या संगीतावर मान डोलते, इथे नुसतं ताटकळायचं. माझा खरा राग वेगळाच आहे. तेंडुलकर म्हणणार हे ऐतिहासिक नाटक नाही. मग पात्राचं नाव नाना फडणवीस का? आता निम्म्या महाराष्ट्राला नाना म्हटलं की मोहन आगाशेच आठवतात.

रीळवाला: ताटकळणं हाच तर सिनेमा आहे. नाटक ठेक्यात वाहून नेतं. इथे आपण लांब उभे राहून बघतो, आणि हे आपल्याला कोण सांगतंय असा प्रश्न पडायला लागतो. शिवाय साल बघा, आणीबाणीचं! सत्ता स्वतःच कोतवाल उभा करते आणि नकोसा झाला की जमावाच्या हवाली करते, हे तेव्हा वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं.

कसबापेठी: आणीबाणी दिल्लीत, बदनामी शनिवारवाड्याची. छान.

मोडीवाचक: दोघेही जरा थांबा. घाशीराम सावळदास खरा होता. त्याच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले, पुणं खवळलं आणि १७९१ मध्ये लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. कोतवालीच्या बदल्यात घाशीराम आपली मुलगी नानांना देतो, हा सौदा घालून तेंडुलकरांनी गोष्ट फिरवली, हे कबूल. पण १८६३ मध्ये मोरोबा कान्होबांनीही याच कोतवालावर पुस्तक लिहिलं, आणि त्यात तो लोकांशी चक्क ज्ञानाच्या गप्पा मारतो! तेव्हा कुणाची बदनामी झाली? आणि नानांचं म्हणाल, तर तरुणपणी कामवासनेनं आपल्याला ग्रासलं होतं, हे त्यांनी स्वतःच आत्मवृत्तात लिहून ठेवलंय.

कसबापेठी: स्वतःची चूक लिहून ठेवणारा माणूस आणि रंगमंचावरचा तो लंपट, यांत काहीच फरक नाही का? ते आत्मवृत्त पानिपताच्या आसपास संपतं. १७९१ चे नाना त्यात नाहीतच. तीस वर्षांपूर्वीचा कबुलीजबाब काढून म्हाताऱ्याला चिकटवताय.

मोडीवाचक: हा मुद्दा बरोबर. मागे घेतो. मोरोबांचा मात्र घेत नाही.

रीळवाला: घाशीराम झालेल्या ओम पुरींबद्दल कुणीच बोलेना. अगदी सुरुवातीचा सिनेमा त्यांचा!

कसबापेठी: ते उत्तमच आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही.