संख्या पुरेशी, पण शेपटीत खोट

मूल होत नसताना ‘शुक्राणूंची संख्या पुरेशी असेल तर दोष पुरुषात नसतो’ हे विधान अपुरे आहे, कारण शेपटीची घडण बिघडली तर असंख्य शुक्राणूही बीजांडापर्यंत पोहोचत नाहीत. शेपटीच्या गाभ्यात मधोमध दोन आणि भोवती नऊ जोड्या अशा सूक्ष्मनलिका असतात. त्यांना एकमेकींवर सरकवून शेपटी हलवण्याचे काम डायनीन नावाची प्रथिने करतात. यांपैकी एकाचा आराखडा असलेल्या ‘डीएनएएच१’ या जनुकातील उत्परिवर्तने (रचनेतील बदल) २०१४ साली फ्रान्समधील संशोधकांनी उत्तर आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत दाखवून दिली. या रुग्णांच्या शुक्राणूंच्या शेपट्या आखूड, गुंडाळलेल्या, वेड्यावाकड्या जाडीच्या किंवा मुळीच नसलेल्या होत्या. पुढे ‘सीएफएपी४३’ व ‘सीएफएपी४४’ यांसारखी, असाच दोष घडवणारी आणखी जनुके सापडली.

हा दोष अप्रभावी (रिसेसिव्ह) असल्यामुळे आई व वडील या दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच तो प्रकट होतो. म्हणूनच नात्यातल्या विवाहांत (आपल्याकडील मामे-आते भावंडांचे विवाहही त्यांतच आले) त्याची शक्यता वाढते. औषधांनी शेपटी दुरुस्त होत नाही. मात्र एकच शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडण्याच्या ‘इक्सी’ पद्धतीत पोहण्याची गरजच उरत नाही, आणि डीएनएएच१ दोष असलेल्या पुरुषांना तिच्या साहाय्याने अपत्यप्राप्ती झालेली आहे.