पगाराची स्लिप नसताना भाड्याचं घर

नोकरी गेलेल्याने घरमालकाला वर्षभराचं भाडं एकरकमी आगाऊ द्यावं, म्हणजे तो पगाराची स्लिप मागणार नाही, असा सल्ला काही जण देतात. कृपया असं करू नका. शिल्लक हाच सध्या तुमचा आधार आहे. तीन महिन्यांत दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तर ते पैसे सोडवून घेताना नाकी नऊ येतील.

त्यापेक्षा डिपॉझिट एखाद-दोन महिन्यांच्या भाड्याइतकं वाढवून द्या आणि बँकेचं स्टेटमेंट, एफडीची पावती दाखवा. एजंटला टाळून थेट मालकाशी बोलता आलं तर फारच बरं. पुण्यात माझ्या मावसभावाला एजंटने फोनवरच नाही म्हटलं होतं. मालकीणबाईंनी मात्र एफडीची पावती पाहिली, "भाडं पाच तारखेच्या आत येईल ना?" एवढंच विचारलं आणि घर दिलं.

करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, त्यामुळे "नोटरी पुरे" हे ऐकू नका. करारात सगळ्यात बारकाईने वाचायचं कलम म्हणजे लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडलं तरी त्या मुदतीचं भाडं द्यावं लागतं ती अट. अकरा महिन्यांच्या करारात सहा महिने लॉक-इन सर्रास घालतात, आणि बिनपगारी माणसाला तेच जड जातं. ते दोन महिन्यांवर आणायला सांगा, त्यासाठी भाडं थोडं जास्त द्यावं लागलं तरी चालेल. घर सोडताना चावी देण्याच्या दिवशीच डिपॉझिट परत मिळेल, हेही लिहून घ्या.