कायदेशीर पालकत्व: बँक, पेन्शन, मालमत्ता – अनुभव आणि माहिती इथे लिहा

उंबरठा: "मूल अठराचं झालं, आता तुमची सही चालणार नाही" हे बँकेतलं वाक्य परवा पुन्हा कानावर पडलं, म्हणून धागा काढतेय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. कोर्टात जायचं नाही. कायदेशीर पालक नेमण्यासाठी कलम १४ खाली फॉर्म ए भरून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज द्यायचा. सख्ख्या आईवडिलांनाही तो करावा लागतो. अपंगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा, मुलाचं आणि होणाऱ्या पालकाचं आधार, त्या पालकाची संमती लागते.

भाकरतुकडा: सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आधी बघा. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असलं की फाईल तिथेच बसते. समिती तीन महिन्यांतून निदान एकदा बसायला हवी, म्हणून पुढची बैठक कधी ते आधी विचारून घ्या.

सायली_एन: आणि वडिलांना डिमेन्शिया असेल तर? मुखत्यारपत्र केलेलं आहे

कागदकाका: ताई, डिमेन्शिया न्यास कायद्यात बसत नाही. मुखत्यारपत्रही माणसाची समज गेली की संपतं, करार कायदा कलम २०१. लोक ते वर्षानुवर्षं वापरतात आणि फ्लॅट विकताना अडकतात. १८९० चा पालक व पाल्य कायदा फक्त अज्ञानांसाठी, म्हणजे अठराच्या आतल्यांसाठी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता, पैशांना हात नाही. म्हणून उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली याचिका करावी लागते. वैद्यकीय अहवाल, सगळ्या वारसांची नाहरकत प्रतिज्ञापत्रं, मालमत्तेची यादी, महिन्याचा खर्च, हे सगळं जोडा. यादीत प्रत्येक खातं, एफडी, डिमॅट, लॉकर नंबरासकट हवं. आदेशात जे नाही, ते बँक देत नाही.

सायली_एन: बापरे. नॉमिनी मीच आहे पण

कागदकाका: नॉमिनीचं काम खातेदार गेल्यावर सुरू होतं.

मटकीउसळ: एका भावाने सही नाही दिली की झालं! आमच्याकडे सगळे भाऊ गणपतीला एकत्र, कागदाला नाही 😅

भाकरतुकडा: मटकी 😂 डोकं शाबूत असेल आणि नुसता हात चालत नसेल, तर यातलं काहीच नको. अंगठा आणि दोन साक्षीदार, त्यात एक बँकेचा जबाबदार अधिकारी. समज आहे तोवर जोडखातं 'आयदर ऑर सर्व्हायवर', म्हणजे दोघांपैकी कुणाचीही सही चालेल असं, करून ठेवा.

उंबरठा: पालकत्वाचा दाखला हातात आला की लोक सुटलो म्हणतात, पण न्यास कायद्याचं कलम १६ राहिलंच. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, फॉर्म सी. मग दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, हिशेब फॉर्म डी मध्ये. घरखर्च मुलाच्या खात्यातून चालवू नका, नंतर वेगळा काढता येत नाही. निष्काळजीपणा किंवा पैशाचा गैरवापर दिसला तर समिती पालक बदलू शकते.

रानमेवा: राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा पण काढून घ्या त्याच भानगडीत. १ लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही

मटकीउसळ: तो दरवर्षी नूतन करायचा असतो ना?

रानमेवा: हो. फोनात रिमाइंडर लाव. कुकरची शिट्टी झाली, येते