मदत हवी आहे: दूरच्या तज्ज्ञाला रुग्ण नीट कळेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी,

मी खेड्यातल्या एका लहान दवाखान्यात डॉक्टर आहे. आमच्या सिस्टर फिरतीवर वस्त्यांमध्ये जातात, बीपी-शुगर मोजतात, गोळ्या पोचवतात. तज्ज्ञ डॉक्टर बरेच लांब आहेत, पण फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला द्यायला ते तयार असतात. गाडी अडते ती नोंदींपाशी. आमचं सगळं अजून केसपेपर आणि वह्यांवर चालतं. आता इलेक्ट्रॉनिक नोंदींकडे वळायचं ठरलं आहे. इथे आरोग्यक्षेत्रातली आणि सॉफ्टवेअरमधली जाणकार मंडळी आहेत, म्हणून सविस्तर विचारतो.

हृदयाची कृत्रिम धातूची झडप बसवलेला रुग्ण घ्या. त्याला वॉरफेरिन हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध आयुष्यभर घ्यावं लागतं. डोस कमी पडला तर झडपेवर गुठळी होण्याची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, ठरावीक काळाने तपासून डोस खालीवर करायचा. समजा, आज आयएनआर ४.२, म्हणजे जास्त, आला. मी फोन लावला की तज्ज्ञ विचारतात: मागचा किती होता? तेव्हा डोस काय चालू होता? झडप कुठली, महाधमनीची की मिट्रल? मध्ये कुणी मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिलं का? हे सगळे प्रश्न रास्त आहेत. मेट्रोनिडाझोलने वॉरफेरिनचा परिणाम वाढतो, क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने घटतो, आणि झडप कुठली यावर आयएनआर किती ठेवायचा ते ठरतं. उत्तरंही आमच्याकडे असतात. पण एक डिस्चार्ज कार्डावर, दुसरं लॅबच्या रजिस्टरात आणि तिसरं सिस्टरच्या वहीत. फोन चालू असताना ती हाताशी येत नाहीत. मग समोरचा डॉक्टर सावधपणे म्हणतो, रुग्णाला इकडे पाठवा. जो निर्णय इथे बसून झाला असता त्यासाठी आजारी माणसाचा अख्खा दिवस आणि मजुरी जाते, आणि पुढच्या वेळी तो तपासणीलाच येत नाही. मला हे थांबवायचं आहे.

व्हिडिओ कॉलची सोय वाढली हे चांगलंच झालं. पण माझा अनुभव असा की दीर्घ आजारांमध्ये चेहरा दिसण्यापेक्षा मागचे आकडे दिसणं जास्त उपयोगी पडतं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६ आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. ते वर्षभर १.६ आहे की गेल्या महिन्यात ०.९ होतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आलेख समोर असेल तर तज्ज्ञ थोड्या वेळात ठाम सल्ला देऊ शकतो, तोही त्याच्या सवडीने, मी दुसरा रुग्ण तपासत असताना. दोघांनी एकाच वेळी मोकळं असण्याची गरजच उरत नाही.

आता माझ्या शंका. सगळ्यात मोठी इंटरनेटची. आमच्याकडे ते येतं-जातं, वस्तीवर तर नसतंच. सिस्टरने टॅबवर नोंद केली आणि त्याच दिवशी मी दवाखान्यात त्याच रुग्णाची नोंद केली, तर नंतर दोन्ही एकत्र येताना एक पुसली जाणार नाही ना? दुसरं, जुन्या केसपेपरांचे गठ्ठे. ते सगळे टाइप करायचे का? तिसरं, एकाच नावाचे अनेक रुग्ण असतात आणि कित्येकांना जन्मतारीख माहीत नसते. त्यांची ओळख कशी पटवायची? शिवाय सध्या रिपोर्टांचे फोटो चॅटवर फिरतात, ते मला अजिबात पटत नाही. एचआयव्ही किंवा मानसिक आजाराची नोंद कोणाच्याही फोनमध्ये पडून राहू नये.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

डॉक्टर, मी आरोग्यसेवेची सॉफ्टवेअर बसवून देण्याचं काम करतो. नव्याने काही बनवून घेऊ नका. ओपनएमआरएस हे रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर २००४ साली सुरू झालं. त्याची मुळं पश्चिम केनियातल्या ग्रामीण आरोग्यकेंद्रांच्या कामात आहेत, म्हणजे तुमच्यासारख्याच परिस्थितीत. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे कोणालाही फुकट वापरता आणि बदलता येतं. त्यावरच उभी असलेली बाह्मनी ही प्रणाली छत्तीसगडमधल्या गनियारी इथल्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासोबत काम करताना घडली. तिच्यात लॅब आणि बिलिंगही जोडलेलं आहे. आधी ही दोन बघा.

नोंद पुसली जाण्याबद्दल: प्रणाली निवडताना एकच गोष्ट खोदून विचारा. प्रत्येक मोजमाप स्वतंत्र नोंद म्हणून साठतं की जुन्या आकड्यावर नवा लिहिला जातो? स्वतंत्र साठत असेल तर सिस्टरचा बीपी आणि तुमचा बीपी दोन्ही आपापल्या वेळेसह राहतात, भांडण होतच नाही. खरा गोंधळ होतो तो चालू औषधांच्या यादीत, कारण ती दोघंही बदलू शकतात. तिथे नियम करा: वस्तीवरून फक्त 'रुग्ण काय घेतो आहे' हे नोंदवायचं, डोस बदलायचा अधिकार डॉक्टरच्या लॉगिनलाच.

आणखी एक बारकावा. मोजमाप घेतल्याची वेळ आणि ती नोंद सर्व्हरवर पोचल्याची वेळ वेगवेगळ्या साठल्या पाहिजेत. नेटवर्क दोन दिवसांनी आलं आणि परवाचा आयएनआर 'आजचा' म्हणून दिसला, तर तुमच्या वॉरफेरिनच्या रुग्णाला त्याचा थेट धोका आहे.

जन्मतारखेसाठी ओपनएमआरएसमध्ये अंदाजे वय टाकून 'अंदाजे' अशी खूण करता येते. रुग्णाला क्यूआर कोड असलेलं कार्ड द्या, आणि कार्ड हरवलं तर शोधायला नाव, वस्ती आणि घरातल्या एका माणसाचं नाव अशा तीन गोष्टी ठेवा. पुढे प्रणाली बदलावी लागली तर माहिती बाहेर काढता आली पाहिजे. त्यासाठी एफएचआयआर हे आरोग्य-नोंदींच्या देवाणघेवाणीचं मानक आहे. ते पाळलं जातं का हे करार करण्याआधीच लेखी विचारा.

प्रतिसाद २

मी टेबलाच्या पलीकडची आहे, फिजिशियन. दूरच्या दवाखान्यांतून माझ्याकडे अशा केसेस येतात. तुम्ही आकड्यांबद्दल म्हणालात ते शंभर टक्के खरं. पण मला सगळ्यात आधी काय लागतं सांगू? समस्यांची यादी आणि तुमचा नेमका प्रश्न.

अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की नोंद रुग्णाच्या समस्यांभोवती रचलेली असावी: प्रत्येक समस्येखाली तिचे पुरावे, निदान आणि पुढची योजना. दुरून सल्ला देताना त्याचं मोल मला रोज कळतं. 'मिट्रल झडप बदलली, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), मागच्या वर्षी क्षयरोगाचा उपचार पूर्ण' एवढ्या तीन ओळी वर असतील तर उरलेलं पान मी वेगळ्याच नजरेने वाचते. काही ठिकाणांहून मात्र शेकडो रकाने भरलेले फॉर्म येतात आणि रुग्णाला काय होतंय हेच कळत नाही. सिस्टरांवर एवढं टाइप करायची वेळ आणू नका हो. त्यांचा वेळ रुग्णाशी बोलण्यात गेला पाहिजे.

प्रश्नही स्पष्ट लिहा. 'सल्ला द्यावा' यापेक्षा 'आयएनआर ४.२, रक्तस्राव नाही, डोस किती कमी करू आणि पुन्हा कधी तपासू?' असं लिहिलंत तर उत्तर तितकंच स्पष्ट येईल. माझं उत्तर त्याच नोंदीत, माझ्या नावानिशी राहायला हवं. फोनवर दिलेला सल्ला नंतर कोणालाच सापडत नाही, आणि जबाबदारीही धूसर होते.

वाचण्यासारखं एक उदाहरण देते. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात प्रोजेक्ट इको सुरू केला. हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराचे रुग्ण ग्रामीण भागातले साधे डॉक्टरच हाताळत आणि तज्ज्ञांच्या गटासमोर केस मांडत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचे निकाल विद्यापीठाच्या क्लिनिकइतकेच चांगले आले. तुम्ही तुमच्या दवाखान्यात हे करू शकता यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

प्रतिसाद ३

आम्ही जुने गठ्ठे टाइप केले नाहीत. रुग्ण येईल तेव्हा त्याच्या समस्या, चालू औषधं, अ‍ॅलर्जी आणि मागची मोजकी मूल्यं भरली, बाकी कागदाचे फोटो त्याच नोंदीला जोडले. नियमित येणारे रुग्ण आपोआप आधी पूर्ण होतात. लॉगिन प्रत्येकाचं वेगळंच हवं. सगळ्यांचा एक पासवर्ड असेल तर कोणी काय उघडून पाहिलं हे कधीच कळणार नाही. टॅब हरवला तर त्यातला डेटा कूटबद्ध, म्हणजे परक्याला वाचता न येणारा, असेल याचीही खात्री करा.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मोजमापाची वेळ आणि पोचल्याची वेळ हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि समस्यांची यादी वर ठेवण्याचं मी लगेच कागदावरच सुरू करतो आहे, सॉफ्टवेअर येईल तेव्हा येईल. सुरुवात फक्त वॉरफेरिन, मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपासून करावी असं आता वाटतंय.

मॅडम, एक विचारायचं राहिलं. वॉरफेरिनच्या रुग्णासाठी तुम्हाला उघडताक्षणी दिसणाऱ्या पहिल्या स्क्रीनवर काय काय हवं? झडपेचा प्रकार, आयएनआरचं लक्ष्य, मागचे आयएनआर आणि त्यासमोर तेव्हाचे डोस, नवीन औषधं, चुकलेले डोस. यात काही सुटतंय का? आणि तपासणीची तारीख उलटून गेलेल्या रुग्णांची यादी सिस्टरच्या टॅबवर नेटवर्कशिवाय दिसेल अशी सोय बाह्मनीत किंवा ओपनएमआरएसमध्ये कोणी वापरली असेल तर तेही कळवा.