ऑड्स म्हणजे भाव की शक्यता?

काउंटर-स्ट्राइक ह्या व्हिडिओ गेमची बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन मॅप, म्हणजे डाव, जिंकायचे) मॅच बघत होतो, प्रेडिक्शन मार्केटवर (निकालावरचे कॉन्ट्रॅक्ट विकत घेतात तिथे) एका टीमसमोर ७५ आणि दुसरीसमोर २५, आणि बेटिंगच्या साइटवर त्याच दोघींसमोर १.२८ आणि ३.६०. दोन्हीकडे वर ऑड्सच लिहिलंय. तगड्या टीमचा आकडा इकडे मोठा आणि तिकडे छोटा, असं उलटं का? आणि ह्या ऑड्सला मराठीत म्हणायचं तरी काय?

— शक्यता म्हणा की सरळ. पुस्तकात संभाव्यता असतं पण बोलताना कोण म्हणतंय.

— शक्यता आणि ऑड्स एक नाहीत हो. शक्यता म्हणजे शंभरातले किती, आणि ऑड्स म्हणजे जिंकायच्या बाजूला किती अन् हरायच्या बाजूला किती. ७५ टक्के शक्यता असली तर ऑड्स तीनास एक. गुणोत्तर आहे ते.

— खरा घोळ 'भाव' ह्या शब्दाचा आहे. बेटिंगवाले भाव म्हणतात तेव्हा १ लावला तर हातात किती येतील ते सांगतात, म्हणून जिचं पारडं जड तिचा भाव कमी. प्रेडिक्शन मार्केटमध्ये भाव म्हणजे अक्षरशः खरेदीची किंमत, ७५ सेंटला कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं, टीम जिंकली तर १ डॉलर मिळतो, हरली तर भोपळा, म्हणून तिथे तगडी टीम महाग. १ ला बेटिंगच्या भावाने भागलं की साधारण जुळतं बघा, १ भागिले १.२८ म्हणजे ७८ टक्के, १ भागिले ३.६० म्हणजे २८. बेरीज १०६ येते, ते वरचे ६ बुकीचे. (मार्केटवरही फी आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक असतोच, फुकट कोणी बसलेलं नसतं.)

— म्हणजे ७५ असलं की प्रत्येक मॅप जिंकायची शक्यता ७५ टक्के?

— नाही नाही, ७५ पूर्ण सिरीजचे. दोन मॅप आधी जिंकायचे असतात, त्यामुळे चांगल्या टीमचा फायदा सिरीजमध्ये वाढतो, सगळे मॅप सारखेच धरले तर मॅपमागे साधारण ६७ टक्के असले तरी सिरीजचे ७५ होतात. आता ती पहिला मॅप हरली समजा, तर उरलेले दोन्ही जिंकायला लागणार, ६७ टक्क्यांचे ६७ टक्के म्हणजे ४५. म्हणून लाइव्ह भाव ७५ वरून ४५ ला आला की 'मॅच फिक्स' म्हणून ओरडू नका, साधा गुणाकार आहे तो. अर्थात मॅप सारखे नसतातच, व्हीटोमध्ये (मॅचआधी दोन्ही टीम काही मॅप बाद करतात त्यात) कुठले मॅप उरले त्यावर बरंच ठरतं.

— थोडं अवांतर, इंग्रजीत ऑड म्हणजे विषम संख्या आणि ऑड्समध्येही मूळ अर्थ असमानतेचाच. आपल्याकडे विषम शब्दात दोन्ही अर्थ आधीपासून आहेत, विषम संख्या आणि विषम लढत. पण 'ह्या मॅचचे विषम काय आहेत' कोणी विचारलं तर मीच हसेन.

— मग मी मार्केटवर 'भाव ७५ सेंट' लिहितो, बेटिंगचं असेल तिथे 'एकाला १.२८', आणि तीनास एक असं गुणोत्तर असेल तेव्हाच ऑड्स. चालेल?

— चालेल. फक्त नुसतं 'भाव वाढला' लिहू नका, कुठला ते सांगा, नाहीतर अर्धे लोक टीम वर गेली समजतील आणि अर्धे खाली.