(३, −२) हा बिंदू ९० अंशांनी फिरवला, तर चिन्ह कसे ठरते?

कर्वेनगरची_आई
नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. निर्देशक भूमितीतील चार चरण तिला चांगले समजले आहेत. बिंदू दिला की तो कोणत्या चरणात आहे, हे ती चिन्हे पाहून लगेच सांगते. शिकवणीच्या सरांनी आता एक नियम लिहून दिला आहे: आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ९० अंश फिरवल्यास (क्ष, य) हा बिंदू (−य, क्ष) येथे जातो. (३, २) चे (−२, ३) होते, हे तिला पटले. परंतु (३, −२) साठीही तिने (−२, ३) हेच उत्तर लिहिले, कारण ‘नियमातच उणे आहे, मग उत्तर उणेच येणार’, असे तिचे म्हणणे आहे. (२, ३) हे उत्तर तिच्या गळी कसे उतरवावे?

निवृत्त_गणितशिक्षक
नियम घटकाभर बाजूला ठेवून आधी चरण पाहावा. चरणांचे क्रमांक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच दिलेले असल्यामुळे त्या दिशेने ९० अंश फिरलेला बिंदू बरोबर पुढच्या चरणात जातो, आणि चौथ्यानंतर पुन्हा पहिला येतो. पुण्याचा नकाशा घेऊन जीपीओजवळचा शून्य मैलाचा दगड आरंभबिंदू मानला आणि पूर्व व उत्तर या दिशा धन धरल्या, तर आळंदी पहिल्या, देहू दुसऱ्या, सिंहगड तिसऱ्या आणि सासवड चौथ्या चरणात येते. (३, −२) हा बिंदू सासवडच्या चरणातला आहे. तो फिरून आळंदीच्या चरणात जाणार, आणि तेथे दोन्ही निर्देशक धन असतात. शिवाय तिचे उत्तर खरे मानले, तर (३, २) आणि (३, −२) हे दोन वेगळे बिंदू फिरून एकाच जागी बसतात, जे परिवलनात कधीच घडत नाही. −य म्हणजे य ची विरुद्ध संख्या, एवढेच; य = −२ असेल, तर −य = २.

सदाशिवपेठी
सरांची तपासणी उत्तम आहे, पण तिने उत्तर चुकल्याचे कळते, नियम कोठून आला हे कळत नाही. आणि न समजता पाठ केलेला नियम परीक्षेत हमखास दगा देतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आलेखाच्या कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर दोन्ही अक्ष आणि (३, −२) हा बिंदू गिरवून घ्यावा, कर्कटकाचे टोक आरंभबिंदूवर टेकवावे आणि वरचा कागद डावीकडे काटकोनात फिरवावा. (३, −२) म्हणजे उजवीकडे ३ आणि खाली २. कागद फिरला की ‘उजवीकडे’चे ‘वर’ होते आणि ‘खाली’चे ‘उजवीकडे’ होते. म्हणून वर ३, उजवीकडे २, अर्थात (२, ३). नियमातील उणे चिन्ह येते ते ‘वर’चे ‘डावीकडे’ होते म्हणून. हीच क्रिया दोनदा केली की १८० अंशांसाठी (−क्ष, −य) आणि तीनदा केली की २७० अंशांसाठी (य, −क्ष) मिळते. हे नियम वेगळे पाठ करण्याची गरज नाही.

कर्वेनगरची_आई
दोघांचेही आभार. ट्रेसिंग पेपरने काम झाले. आता तिचा पुढचा प्रश्न असा की, (०, −४) कोणत्या चरणातून कोणत्या चरणात जातो, आणि ९० अंशांनी चरण नेहमीच बदलतो का?

निवृत्त_गणितशिक्षक
अक्षावरील बिंदू कोणत्याच चरणात नसतो. (०, −४) हा बिंदू (४, ०) येथे, म्हणजे एका अक्षावरून दुसऱ्या अक्षावर जातो. दुसरा प्रश्न अधिक चांगला आहे: चरण बदलण्याची खात्री केवळ आरंभबिंदूभोवती फिरवतानाच देता येते. (५, ४) हा बिंदू (३, ३) भोवती फिरवून पाहावा. केंद्रापासून तो उजवीकडे २ आणि वर १ आहे. फिरल्यावर वर २ आणि डावीकडे १ होतो, म्हणजेच (२, ५) येथे पोहोचतो आणि पहिल्याच चरणात राहतो.